‘इराणी’ म्हणण्याआधी : जुन्या छापील कापडाची ओळख आणि काळ

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या जुन्या घरातून छापील कापड बाजारात येते. कडेला कोयऱ्यांची ओळ, मधोमध सरूचे झाड, झाडाच्या दोन्ही अंगांना मोर, रंग लाल, काळा, निळा आणि विटका पिवळा. जुन्या वस्तूंचा व्यापारी ते उलगडतो आणि ‘इराणी’ म्हणतो. शब्द खोटा असतोच असे नाही. पण तो बहुतेक वेळा नक्षी पाहून उच्चारलेला असतो, आणि नक्षी हा या विषयातला सर्वांत कच्चा साक्षीदार आहे. पुढे जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच. छापील कापड कुठले आणि कधीचे, हे सूत, रंग, पाठ, शिवण आणि शिक्के सांगतात. तेही बहुधा ‘अमुक सालाच्या आधीचे नव्हे’ एवढेच सांगतात. ‘अमुक सालचे’ म्हणायला घरातली आठवण आणि कागद लागतो.

खानदेशातल्या माणसाला या प्रश्नाची एक वेगळी बाजू ठाऊक असायला हवी. सतराव्या शतकात माल इराणातून इकडे येण्यापेक्षा इकडून इराणात जास्त जात होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए बऱ्हाणपुरावरून गेला तेव्हा तिथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यातले काही रंगवलेले आणि फुलांचे असे, त्याच्या ओढण्या, पलंगपोस आणि रुमाल होत. त्याच सुमारास इराणात बराच काळ राहिलेला फ्रेंच प्रवासी शार्दाँ सांगतो, की इराणी कारागिरांना कापड रंगवता येते, पण हिंदुस्थानी लोकांइतके नाही. कारण उत्तम छिटे हिंदुस्थानातून इतक्या स्वस्तात मिळतात, की ती कला वाढवून त्यांच्या पदरात काही पडले नसते. म्हणजे त्या काळातले एखादे ‘इराणी’ कापड खरोखरच इराणातल्या वाड्यात वापरले गेले असेल आणि तरी ते तापीच्या किंवा कृष्णेच्या खोऱ्यात छापलेले असेल.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, म्हणून ते आपल्या बोलण्यातून निसटते. रावेर ओलांडले की पुढचे मोठे गाव तेच. फारुकी सुलतानांची ती राजधानी. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेल्यावर खानदेश सुभ्याचे ठाणेही तेच राहिले. सुरतेहून आग्र्याला जाणारा काफिला नंदुरबार, थाळनेर, चोपडा या बाजूने बऱ्हाणपूर गाठी. धरणगावचे कापड इतके चालत असे, की 1670 च्या दशकात इंग्रजांनी तिथे वखार घातली. मराठ्यांच्या फौजा धरणगावावर चालून गेल्या आणि 1681 च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचे बहादूरपुरा हे उपनगर लुटले, यातही या बाजारपेठेच्या श्रीमंतीचा वाटा होता. आपण हे प्रसंग स्वारीच्या वर्णनासाठी वाचतो. लुटीत कापडाचे गठ्ठे किती महत्त्वाचे होते याकडे नजर जात नाही.

मोगली छावणीला कापड लागे ते तंबूंसाठीही. महिरपीखाली एकच फुललेले रोप, अशा कनातीचे पट्टे आज अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळतात. जॉन आयर्विन या अभ्यासकाने अशा काही कापडांना बऱ्हाणपूरचे नाव दिले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातली काही गोवळकोंडा-मछलीपट्टणच्या बाजूला नेली. हा वाद मिटलेला नाही आणि मला तो मिटवण्याची घाईही वाटत नाही. महत्त्वाचे हे, की यातल्या काही कापडांचा काळ नक्षीवरून ठरलेला नाही. आमेरच्या राजांच्या तोशाखान्यात ती जमा होती, आणि कारकुनाने त्यांच्या पाठीवर शाईने साल आणि किंमत टिपून ठेवली होती. आमेरचे मिर्झाराजे जयसिंग दख्खनच्या मोहिमेनंतर 1667 मध्ये बऱ्हाणपुरातच वारले. म्हणजे आमेरच्या घराण्याचा या गावाशी थेट संबंध होता. नक्षीच्या शंभर वर्णनांपेक्षा कारकुनाची ती एक ओळ मोलाची ठरली.

आता खरे इराणी छापील कापड कसे असते ते पाहू. त्याला तिकडे ‘कलमकार’ म्हणतात आणि त्याचे मुख्य गाव इस्फहान. शाह अब्बासने 1598 मध्ये राजधानी तिथे नेली. आजही नक्श-ए-जहान चौकालगतच्या बाजारात कलमकारवाले बसतात. कापड सुती. ते आधी टॅनिन असलेल्या पाण्यात, बहुधा डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात, भिजवतात. त्याने त्याला मलईसारखा पिवळसर रंग येतो. ठसे नाशपातीच्या लाकडाचे, प्रत्येक रंगाला वेगळा. आधी काळी रेघ, लोखंडाच्या क्षारातून. मग लालचा ठसा, ज्यात रंग नसतोच, तुरटी असते. कापड रोनास म्हणजे तिकडच्या मंजिष्ठेत उकळले की तुरटी लागलेली जागा लाल होते. नंतर निळा आणि पिवळा. धुणे पूर्वी जायंदे-रूद नदीच्या पाण्यात होई. काजार राजवटीत, म्हणजे 1789 ते 1925 या काळात, या धंद्याला मोठा बहर आला. सुफरा म्हणजे जेवणाखाली अंथरायचे कापड, पडदे, जानमाज म्हणजे नमाजाचे आसन, कपडे बांधायचे चौकोनी रुमाल, हमामखान्यातली वस्त्रे, शाहनाम्यातल्या प्रसंगांचे मोठे पट, सगळे छापले जाई.

ही कृती वाचून खानदेशातला भावसार किंवा रंगारी म्हणेल, हे तर आमचेच. डाळिंबाच्या जागी हरडा, काळ्यासाठी लोखंडी भंगार आणि गूळ कुजवून केलेले पाणी, लालसाठी तुरटी, आणि उकळायला मंजिष्ठा किंवा आलीची मुळी. रसायन एकच आहे. म्हणून दोन देशांतले कापड दुरून सारखे दिसते. फरक शोधायचा तो या साखळीच्या एकेका कडीत.

नक्षीला कच्चा साक्षीदार का म्हणतो? एक तर ती प्रवास करते. कोयरी, सरू, मोर, महिरप ही चिन्हे इस्फहान, मछलीपट्टण, बऱ्हाणपूर आणि सांगानेर अशा सगळ्या ठिकाणी छापली गेली. मछलीपट्टणचे कारागीर तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इराणी गिऱ्हाइकासाठी, त्याच्याच आवडीच्या मापात आणि नक्षीत, जानमाज आणि पडदे करत होते. कापडावर फारसी मजकूर आहे म्हणून ते इराणातले, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. दुसरे, ठसे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. आजोबांनी कोरून घेतलेला ठसा नातू वापरतो. ठसा 1850 चा असेल आणि कापड 1930 चे. तिसरे, एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर आणि रशियातल्या गिरण्यांनी रुळावर छापलेली ‘पूर्वेकडची’ नक्षी इराण आणि मध्य आशियाच्या बाजारात ओतली. रुळावरची छपाई थॉमस बेलने 1783 मध्ये सुरू केली. तिच्यात रुळाच्या घेराइतक्या अंतराने नक्षी अगदी जशीच्या तशी परत येते.

हाताने छापलेल्या कापडात तशी अचूकता कधीच नसते. दोन ठसे जिथे मिळतात तिथे रेघ किंचित सरकते, कुठे दुहेरी होते, कुठे बारीक फट राहते. किनार कोपऱ्यात कशी वळते ते पाहावे: ठसा आडवा-उभा जोडून कोपरा जमवलेला असतो, आणि चारही कोपरे सारखे जमत नाहीत. जाळीच्या चौकटीतून छापलेल्या अलीकडच्या कापडात रंग सपाट असतो, रेघ एकसारखी असते आणि जोड सहसा दिसत नाही. इस्फहानच्या बाजारात असा मालही ठशाचा म्हणून विकला जातो, आपल्याकडेही.

सूत पाहण्यासाठी साधे भिंग पुरते. हाताने कातलेले सूत कुठे जाड, कुठे बारीक, गिरणीचे एकसारखे. इंग्लंडचे गिरणीचे सूत हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येऊ लागले आणि काजार काळातले पुष्कळ कलमकार मँचेस्टरच्या कापडावरच छापले आहेत. तेव्हा गिरणीचे कापड असले म्हणून ते ‘नकली’ ठरत नाही; फक्त अठराव्या शतकातले नाही एवढे नक्की. उलट हातसूत असले म्हणून ते जुने ठरत नाही, आणि खानदेशात तर ही सावधगिरी दुप्पट हवी. 1920 नंतर चरखा घरोघरी आला. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले; त्या दशकात इथे कातलेल्या आणि छापलेल्या खादीचे सूत शंभर वर्षे आधीच्या सुतासारखेच खडबडीत दिसेल.

सगळ्यांत बोलका साक्षीदार लाल रंग, आणि इथे खानदेशाचे स्वतःचे काही सांगण्यासारखे आहे. ब्रिटिश काळात या भागात आल म्हणजे बारतोंडीची लागवड रंगासाठी होत असे. सुमारे तीन वर्षांनी मुळ्या खणून काढायच्या, कुटायच्या, आणि त्यात तुरटी लावलेले कापड उकळायचे. फैजपूर रंगकामासाठी नावाजलेले होते. आलीच्या मुळीतला मुख्य रंजक पदार्थ मोरिंडोन. इराणी रोनासमध्ये अलिझरीन आणि परप्युरीन एकत्र असतात. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चायमुळीत अलिझरीन असते पण परप्युरीन नसते. आपल्या मंजिष्ठेत परप्युरीन असते आणि अलिझरीन नावापुरते. म्हणजे प्रयोगशाळेत धाग्याच्या केसाएवढ्या तुकड्यातून हे घटक वेगळे करता आले, तर लाल रंग कुठल्या मुळीचा हे कळते, आणि त्यातून कापड कुठल्या मुलखातले याचा अंदाज बांधता येतो. मोरिंडोन निघाले तर ते कापड इस्फहानचे असण्याची शक्यता जवळजवळ संपते. मला या साऱ्या विषयात हा एक धागा सर्वांत भरवशाचा वाटतो.

पण हे सगळे 1869 पूर्वीच्या कापडाला लागू. त्या सालाच्या सुमारास जर्मनी आणि इंग्लंडमध्ये अलिझरीन कारखान्यात तयार होऊ लागले. काही वर्षांत त्याचा भाव इतका पडला, की युरोपातल्या मंजिष्ठेची, इराणातल्या रोनासची आणि आपल्याकडच्या आलीची शेती एकामागोमाग बसत गेली. त्यानंतर इस्फहानचा छिपा आणि फैजपूरचा रंगारी एकाच डब्यातला रंग वापरू लागले. कारखान्याच्या अलिझरीनमध्ये मुळीतले सोबतचे घटक नसतात, म्हणून ते ओळखता येते. पण ओळखल्यावर मुलूख सांगता येत नाही. काळाची एक कड मिळते आणि जागेची हातची जाते.

निळा तितका कामाचा नाही. कारखान्याची नीळ 1897 मध्ये बाजारात आली, पण झाडाची आणि कारखान्याची नीळ रासायनिक दृष्ट्या एकच, त्यांत भेद करणे प्रयोगशाळेलाही अवघड जाते. मात्र कापडाची पाठ पाहावी. जुन्या रीतीत ज्या जागी निळा नको तिथे मेण लावून कापड निळीच्या कुंडात बुडवत; निळा दोन्ही अंगांना सारखा उतरे. पुढे इस्फहानात निळा आणि पिवळा थेट ठशाने छापू लागले. तिथे पाठीवर निळा फिका आणि तुटक दिसतो. काळा रंग आणखी एक गोष्ट सांगतो. लोखंडाचा काळा वर्षानुवर्षे सूत खात राहतो. खूप जुन्या कापडात काळी रेघ असते तिथे बारीक भोके पडलेली, आणि आजूबाजूचे लाल-पिवळे शाबूत. मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून जुने भासवलेल्या कापडात सगळा पोत सारखाच तपकिरी असतो आणि काळी रेघ धडधाकट.

अतिनील किरण देणारा छोटा दिवा आता स्वस्तात मिळतो, आणि तो कापडावर धरून निर्णय देण्याची हौसही वाढली आहे. पांढरेपणा आणणारी रसायने दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाजारात आली. ती असली तर कापड त्या दिव्यात निळसर पांढरे चमकते. पण आपल्या घरांत टिनोपाल आणि रानीपालचे पाणी कशाकशाला लागले आहे याची मोजदाद नाही. 1880 चा रुमाल 1970 मध्ये धुऊन टिनोपालमध्ये बुडवला असेल तर तो चमकणारच. दिवा धुण्याची तारीख सांगतो, छपाईची नव्हे. हाच न्याय शिवणयंत्राच्या टाक्याला. शिवणयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली. यंत्राचा टाका असला तर काठ त्यानंतरचा, कापड आधीचे असू शकते.

शिक्के आणि साल यांच्याबद्दल थोडे सविस्तर, कारण फसगत सर्वांत जास्त इथेच होते. चांगल्या काजार कलमकारावर किनारीतल्या लहान चौकटीत कारखान्याचे नाव आणि हिजरी साल छापलेले आढळते. समजा आकडा 1342 आहे. चांद्र हिजरी धरले तर ते 1923-24 येते. पण इराणने 1925 मध्ये सौर हिजरी दिनगणना अधिकृत केली. त्या हिशेबाने 1342 म्हणजे 1963-64. चाळीस वर्षांचा फरक, आणि विकणारा अर्थातच जुना आकडा सांगतो. आकडा 1290 असला तर गोंधळ नाही, ते 1873 चे. सौर धरले तर 1911 येते, पण तेव्हा इराणी छापखान्यांत, शिक्क्यांत चांद्र सालच रूढ होते.

आपल्याकडच्या कापडावर दुसरा शिक्का शोधावा. 1889 च्या भारतीय व्यापारचिन्ह कायद्याने गिरणीत विणलेल्या किंवा छापलेल्या ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत ठसवणे बंधनकारक झाले. ताग्याच्या टोकाला अशी वारांची खूण आणि गिरणीचे नाव राहिले असेल, मग ती जळगावची खानदेश मिल असो, अमळनेरची प्रताप मिल असो की धुळ्याची न्यू प्रताप, तर कापड बहुधा 1889 नंतरचे. वाराऐवजी मीटर असेल तर ते दशमान पद्धत आल्यानंतरचे, म्हणजे 1960 च्या आसपासचे किंवा त्यापुढचे. हा शिक्का बहुधा कापून टाकलेला असतो. पण जाजमीच्या आतल्या शिवणीत किंवा अस्तराच्या घडीत तो कधी कधी वाचतो, म्हणून शिवण उसवण्याआधी ती दिव्यासमोर धरून पाहावी.

कार्बन-14 ची चाचणी करून घ्या, असा सल्ला हल्ली सहज दिला जातो. इजिप्तमध्ये फुस्तातला सापडलेल्या गुजराती छापील कापडांच्या बाबतीत ती फार उपयोगी पडली; ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातले काही तुकडे त्या चाचणीत सुमारे हजार वर्षांपूर्वीचे निघाले, आधी मानले जात होते त्याहून बरेच जुने. आपल्याला ज्या कापडांशी गाठ पडते त्यांना ती कुचकामी आहे. साधारण 1650 ते 1950 या काळात वातावरणातल्या कार्बनचा आलेख असा वाकडातिकडा आहे, की 1680 चे कापड आणि 1900 चे कापड त्यात वेगळे पडत नाही. पैसे खर्चून ‘गेल्या साडेतीनशे वर्षांतले’ एवढे उत्तर विकत घेण्यात अर्थ नाही.

राहिला घरातला पुरावा. खानदेशात छापील कापड कपाटात जपण्यासाठी नव्हते. लग्नाची जाजम, देवाच्या गाभाऱ्यावरचा चांदवा, रजईची खोळ, आणि शेवटी फाटले की गोधडीचा थर. गोधडीत गेलेले कापड हे अभ्यासकाचे भाग्य; वरच्या थराने त्याला उजेडापासून वाचवलेले असते आणि खरा रंग तिथेच सापडतो. दुसरीकडे मोडी कागद आहेत. मराठ्यांच्या काळच्या जामदारखान्याच्या याद्यांत, लग्नखर्चाच्या हिशेबांत कापडांची नावे, गावे आणि किमती येतात. बऱ्हाणपुरी शेला-पागोटे तर पदोपदी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी 1927 पासून असे कागद जपले. त्यांतली राजकीय पत्रे वाचली गेली, कापडाच्या याद्या बहुतेक पडून राहिल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एखाद्या परगण्याच्या अशा याद्यांतून केवळ छिटांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तरी संग्रहालयांतल्या अनेक पाट्या बदलाव्या लागतील.

हे वाचून ज्यांच्या घरी असे कापड निघेल त्यांना एवढीच विनंती. ते धुऊ नका. पाण्याने लोखंडाचा काळा सुटतो आणि कच्चे रंग पसरतात. इस्त्री नको, सेलोटेप नको, काचेत बसवून उन्हाच्या भिंतीवर टांगणे तर नकोच. दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे आणि शिवणीचे फोटो भरपूर उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. कापड घरात कोणी आणले, कुठल्या गावाहून, कुठल्या लग्नात वापरले, हे घरातल्या वयस्कर बायकांना आजच विचारा, कारण ही माहिती बहुतेक त्यांच्याकडेच असते. ती कोऱ्या कागदावर लिहून कापडाबरोबर ठेवा. मात्र लिहा पेन्सिलीने; शाईला ओल लागली की ती कापडावर उतरते आणि निघत नाही.